सुशीलाचं माहेर

घाटनांदूरहून निघालेली गाडी पानगाव, लातूर रोड, उदगीर, भालकी, बीदर, जहिराबाद करत विकाराबादला पोचते. मराठीत चढलेला माणूस कानडीतून जातो आणि तेलुगूत उतरतो. आपल्या घरात सकाळच्या नाष्ट्याला होणाऱ्या सुशीलाची कुळकथा मला याच वाटेवर सापडली.

ज्यांच्याकडे फक्त पोह्यांचाच रिवाज आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणीचा पदार्थ. अंबाजोगाई, परळी, लातूर, उदगीर, नांदेड या पट्ट्यात तो घरोघरी होतो. चुरमुरे पाण्यात टाकायचे, तळव्यानं दाबून बुडवायचे आणि फुलायच्या आत मूठमूठ पिळून काढायचे. जास्त वेळ राहिले तर लगदा, कमी राहिले तर घशाला टोचतात. तेलात मोहरी, जिरं, कढीपत्ता, शेंगदाणे, हिरवी मिरची, कांदा, हळद घालून त्यावर हे पिळलेले चुरमुरे पसरायचे. शेवटी येतं डाळव्याचं जाडसर पीठ. हे पीठ चुरमुऱ्यात उरलेलं पाणी शोषून घेतं, म्हणून दाणा दाण्याला चिकटत नाही आणि प्रत्येक दाण्यावर खमंग कोट बसतो. डाळव्याचं पीठ नसलेला सुशीला मी सुशीला मानत नाही. हे पीठ लक्षात ठेवा, पुढचा सगळा दावा त्यावर उभा आहे.

नावाबद्दल आमच्याकडे सर्रास सांगितली जाणारी गोष्ट अशी की, सुशीला नावाच्या कुणा बाईनं हा पदार्थ पहिल्यांदा केला. कोणत्या गावची, कुणाची कोण, हे सांगणारा कुणी भेटत नाही. दुसरी व्युत्पत्ती संस्कृताळलेली आहे: सु आणि शील, म्हणजे पोटाला न बाधणारा, गुणी पदार्थ. ही मला अजिबात पटत नाही. स्वयंपाकघरातली नावं असे समास सोडवून पडत नाहीत. बाईच्या नावाची गोष्ट मात्र एका वाक्यात उडवून लावता येत नाही. फोडणीच्या पोळीला काही घरांत माणिकपैंजण म्हणतात. शिळ्या पोळीला इतकं नटवणारी माणसं चुरमुऱ्यांना सुशीला म्हणू शकतात, हे मान्य करायलाच हवं.

पण मग उत्तर कर्नाटकाचं काय करायचं? तिथं हाच पदार्थ होतो आणि त्याचं नाव आहे सुसला. तेच भिजवून पिळलेले चुरमुरे, तीच हळदीची फोडणी आणि वरून पुटाणी हिट्टु, म्हणजे आपलं डाळव्याचं पीठच. आणखी दक्षिणेला कर्नूल-अनंतपूरकडं, रायलसीमेत, याला उग्गाणी म्हणतात आणि सोबत मिरचीची भजी देतात. नाव पार वेगळं, भाषा वेगळी, पण फुटाण्याच्या डाळीचं पीठ तिथंही सुटलेलं नाही. तीन भाषांतल्या बायकांनी आपापल्या घरात बसून चुरमुरे भिजवायची कल्पना स्वतंत्रपणे काढली, असं एक वेळ धरून चालू. पिळल्यावर त्यात नेमकं तेच पीठ टाकायचं, हेही तिघींना स्वतंत्रपणे सुचलं, हे मी मानणार नाही. हा पदार्थ प्रवास करून आलेला आहे.

आता प्रश्न दिशेचा. आपला सुशीला तिकडं जाऊन सुसला झाला, असं म्हणणारे भेटतात. त्यांचा मुद्दा असा की, खेड्यातल्या बोलीत श चा स सहज होतो. बरोबर आहे, होतो. पण मग सुशीलाचं सुसीला व्हायला पाहिजे होतं. मधली ठसठशीत, दीर्घ ई कुठं गेली? कानडी मुलखात सुशीला नावाच्या बायका भरपूर आहेत आणि त्यांची ई शाबूत आहे. सुशीलाबाईला कुणी सुसलाबाई करत नाही. उलट दिशेनं मात्र गोष्ट सरळ चालते. सुसला हा शब्द मराठी कानाला काहीच सांगत नाही. त्याच्या अगदी शेजारी एक ओळखीचं, घरातलं नाव तयार आहे. तोंड तिकडं वळणारच. एकदा मधे ई आली की स चा श मराठी आपणहून करते: म्हैस–म्हशी, हौस–हौशी, दिवस–दिवशी. म्हणजे बाईची गरज फक्त ई पुरती. श तर आपल्या व्याकरणानं फुकट दिला.

दुसरा पुरावा लिंगाचा. मी लहानपणापासून ‘आज सुशीला केला’ असंच ऐकत आलो. ‘केली’ म्हणणारेही आहेत, पण माझ्या कानावर ‘केला’च जास्त. बाईचं नाव दिलेला पदार्थ पुल्लिंगी कसा? चिवडा, मसाला, शिरा यांच्या रांगेत तो बसला, कारण आला तेव्हा तो बाई नव्हताच, आकारान्त सुसला होता.

सुसला तरी कुठून आला? कर्नाटकातच काही ठिकाणी याला मंडक्की उसली म्हणतात. मंडक्की म्हणजे चुरमुरे, आणि उसली आपल्या उसळीची सख्खी बहीण वाटते. म्हणून उसलीचा सुसला झाला असं मांडता येईल. पण पुढचा स कुठून चिकटला याचं उत्तर त्यात नाही. मी ‘सूसु’ या कानडी क्रियापदावर पैज लावीन. त्याचा अर्थ विखुरणे, शिंपडणे, सांडणे. पिळलेले चुरमुरे फोडणीवर मोकळे करून विखुरतात, वर पीठ भुरभुरतात. सगळी कृतीच सूसुची आहे. मूळ क्रियापदातला ऊ दीर्घ आणि पदार्थातला ऱ्हस्व, ही फट मला दिसते. रोजच्या बोलण्यात झिजून तो आखूड झाला असणार.

राहिला काळ. घाटनांदूर-विकाराबादची ही रेल्वे निजामाच्या सरकारी कंपनीची, आणि निजामाच्या राज्याच्या 16 जिल्ह्यांत 8 तेलुगू, 5 मराठी, 3 कानडी होते. बीड, बीदर आणि रायचूर 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत एकाच राज्यात नांदले. कारकून, व्यापारी, हमाल, सोयरिकी सगळं या मुलखातून त्या मुलखात जात होतं. पुण्याहून पाहिलं तर सुशीला चमत्कारिक वाटतो. बीदरहून पाहिलं तर शेजारचा वाटतो. तरी सगळं श्रेय मी रुळांना देणार नाही. आमची काळी जमीन ज्वारी-तुरीची, इथं भात पिकत नाही. चुरमुरे आले ते बाजारातून आणि जत्रेतून. परळी वैजनाथ किंवा अंबाजोगाईच्या योगेश्वरीच्या जत्रेतून चुरमुरे-बत्तासे घरी यायचे, दोन दिवसांत वातड व्हायचे. वातड चुरमुरा टाकून द्यायचा नसेल तर भिजवून फोडणीला घालण्यासारखा दुसरा उपाय नाही, आणि तो उपाय कानडी शेजारणीकडं तयार होता. गाडी सुरू झाली तेव्हा ओळख आधीच झालेली होती, असा माझा तर्क आहे; गाडीनं ये-जा वाढवली.

उदगीर ते भालकी या टापूत दोन्ही भाषा एकाच घरात, कधी एकाच वाक्यात बोलल्या जातात. सुसलाचा सुशीला झाला असेल तर तो तिथल्याच एखाद्या चुलीपाशी, जिथं सासूची भाषा कानडी आणि सुनेची मराठी आहे. तिकडं कुणाचं आजोळ असेल तर त्यांनी आजीला फक्त इतकं विचारावं: तुझ्या आईच्या घरी याला काय म्हणायचे?