होम थिएटरचा रिसीव्हर : बदलावा की जुनाच ठेवावा?

नागपूरच्या दक्षिण टोकाला असलेले हुडकेश्वर २०१३ मध्ये शेजारच्या नरसाळ्यासह महापालिकेच्या हद्दीत आले. शेतजमिनींवर ले-आऊट पडले, स्वतंत्र घरे उभी राहिली आणि त्यांच्या प्रशस्त दिवाणखान्यांत होम थिएटरलाही जागा मिळाली. डीव्हीडीच्या भरभराटीच्या काळात किंवा त्यानंतर काही वर्षांनी घेतलेले असे संच अनेक घरांत आजही सुरू आहेत. दूरचित्रवाणी संच मात्र दरम्यान एकदा-दोनदा बदलला गेला. नव्या फोर-के पडद्याला जुना रिसीव्हर जोडला की चित्रच येईनासे होते, दुकानदार नवा रिसीव्हर सुचवितो आणि घरात पन्नास-साठ हजारांच्या खर्चाची चर्चा सुरू होते. हा पैसा नेमका कशासाठी जाणार, हे आधी समजून घेतले तर बऱ्याचदा तो वाचू शकतो.

रिसीव्हर म्हणजे एकाच पेटीतली दोन यंत्रे. पहिले यंत्र सेट-टॉप बॉक्स, ब्लू-रे प्लेअर वा गेम कन्सोलकडून येणारे चित्र आणि आवाज स्वीकारते, त्यांतला आवाज उलगडते आणि चित्र पडद्याकडे धाडते. दुसरे यंत्र हा निव्वळ ध्वनिवर्धक असतो. तो स्पीकरांना शक्ती पुरवितो. यांपैकी दुसऱ्याचे तंत्र गेल्या पंचवीस वर्षांत फारसे बदललेले नाही. जुने होते ते पहिले. दुकानात 'कालबाह्य' म्हणून ज्याची संभावना होते, तो बहुतेक वेळा हा पहिला भागच असतो.

त्याचे जुनेपण एचडीएमआय या जोडणीच्या इतिहासाशी बांधलेले आहे. तिचे पहिले मानक डिसेंबर २००२ मध्ये आले. २००९ च्या १.४ आवृत्तीने दूरचित्रवाणीचा आवाज त्याच केबलमधून उलट रिसीव्हरकडे आणण्याची सोय दिली. तिला एआरसी म्हणतात. २०१३ च्या २.० आवृत्तीत क्षमता सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंत गेली आणि फोर-के चित्र सेकंदाला ६० चौकटींच्या गतीने जाऊ लागले. नोव्हेंबर २०१७ मध्ये जाहीर झालेल्या २.१ ने ही क्षमता ४८ गिगाबिटवर नेली. याच्या जोडीला एचडीसीपी २.२ ही नक्कलरोधक व्यवस्था आहे. संरक्षित फोर-के चित्रासाठी साखळीतील प्रत्येक उपकरणाला ती मान्य असावी लागते. २०१४ च्या आधीच्या बहुतेक रिसीव्हरना ती ठाऊकच नाही. म्हणून पडदा काळा राहतो किंवा चित्र निमूटपणे खालच्या दर्जावर उतरते, आणि दोष विनाकारण नव्या दूरचित्रवाणीला दिला जातो.

यावरचा उपाय मात्र फुकटचा आहे. चित्र रिसीव्हरमधून नेण्याची सक्तीच नाही. सारी उपकरणे थेट दूरचित्रवाणी संचाला जोडावीत आणि केवळ आवाज एआरसीने किंवा ऑप्टिकल केबलने रिसीव्हरकडे आणावा. ऑप्टिकल केबलमधून डॉल्बी डिजिटलचा पाच-अधिक-एक वाहिन्यांचा आवाज व्यवस्थित येतो. डीटीएसच्या बाबतीत थोडी सावधगिरी हवी, कारण काही कंपन्यांच्या दूरचित्रवाणी संचांनी मधली काही वर्षे हा प्रकार स्वीकारणेच बंद केले होते. ब्लू-रेवरील डॉल्बी ट्रूएचडीसारखा अखंडित दर्जाचा आवाजही या वाटेने येत नाही. त्यासाठी ई-एआरसी किंवा रिसीव्हरशी थेट जोडणी लागते. मात्र इंटरनेटवरील चित्रपटसेवांचा आवाज मुळातच संकुचित स्वरूपात येतो. ज्या घरात तबकड्या विकत घेतल्या जात नाहीत, तिथे या उणिवेने काहीच बिघडत नाही. मालिका आणि बातम्यांचा तर प्रश्नच नाही.

ज्यांच्या घरी नव्या पिढीचा गेम कन्सोल आहे, त्यांनाही हाच मार्ग सोयीचा. २०२० मध्ये बाजारात आलेल्या डेनॉन, मरांट्झ आणि यामाहाच्या काही रिसीव्हरमधील एचडीएमआय २.१ च्या चिपमध्ये दोष निघाला आणि एक्सबॉक्स सिरीज एक्सचे सेकंदाला १२० चौकटींचे फोर-के चित्र त्यांतून पुढे जाईना. कंपन्यांना पुढे वेगळी जोडपेटी वा नवे सर्किट देऊन ते निस्तरावे लागले. नवे मानक छापलेली पहिली खेप घाईने घेणाऱ्यांनी हे प्रकरण लक्षात ठेवलेले बरे.

खरी नवलाई आहे ती डॉल्बी अ‍ॅटमॉसची. २०१२ मध्ये हे तंत्र चित्रपटगृहांत आले. भारतात त्याच वर्षाच्या डिसेंबरात 'शिवाजी'च्या त्रिमिती आवृत्तीने त्याचा श्रीगणेशा केला. घरगुती रिसीव्हरमध्ये ते २०१४ पासून मिळू लागले. वरून पडणाऱ्या पावसाचा, डोक्यावरून जाणाऱ्या विमानाचा भास हे त्याचे वैशिष्ट्य. तो हवा असेल तर जुना रिसीव्हर उपयोगाचा नाही. परंतु त्यासाठी छतात किंवा छताकडे तोंड केलेले किमान दोन स्पीकर आणि ते चालविणाऱ्या दोन जादा वाहिन्या लागतात. हा खर्च मनात न धरता घेतलेला अ‍ॅटमॉस रिसीव्हर जुन्या पाच स्पीकरांवर पूर्वीसारखाच वाजतो. हुडकेश्वरमधील घरांचे सपाट सिमेंटचे स्लॅब छताकडे तोंड करणाऱ्या स्पीकरांना अनुकूलच आहेत, कारण आवाज परावर्तित होण्यास कठीण व सपाट पृष्ठभाग लागतो. नक्षीदार पीओपीचे छत मात्र त्यात अडथळा आणते, आणि पंखा कुठे लटकतो हेही आधी पाहावे लागते.

वॉटच्या आकड्यांवर तर निर्णय घेऊच नये. एके काळी खोक्यांवर हजारो वॉट 'पीएमपीओ' छापले जात. त्या आकड्याला कोणताही सर्वमान्य आधार नव्हता. आजही ८० वॉटचा रिसीव्हर देऊन १०० वॉटचा घेतला, तर आवाजात भर पडते ती जेमतेम एका डेसिबलची. एका मीटरवर, एका वॉटला ८७ डेसिबल देणारा सर्वसाधारण स्पीकर तीन मीटरवर तेवढ्याच शक्तीत ७७ डेसिबलच्या आसपास आवाज पोहोचवितो. बारा बाय चौदाच्या खोलीत चित्रपट पाहताना बहुतेक काळ एक-दोन वॉटच खर्च होतात.

मग संवाद ऐकू का येत नाहीत? नागपुरात याचे उत्तर एप्रिल ते जून खिडकीतच बसलेले असते. पारा ४५ अंशांकडे सरकला की कूलर दिवसरात्र चालतो आणि त्याच्या घरघरीत हळू आवाजातले बोलणे बुडते. आवाज वाढवावा, तर पुढच्याच क्षणी स्फोटाने घर हादरते. नवा रिसीव्हर यात फारसे काही करू शकत नाही. जुन्याच रिसीव्हरमध्ये मधल्या स्पीकरची पातळी दोन-तीन डेसिबलने वाढविण्याची सोय असते. संवाद प्रामुख्याने त्यातूनच येतात. हळू आणि मोठ्या आवाजातले अंतर कमी करणारा 'नाईट मोड'ही बहुतेकांत असतो, केवळ तो कुणी लावत नाही. मधला स्पीकर टीव्ही युनिटच्या कप्प्यात खोल ढकललेला असेल, तर तो कडेपर्यंत पुढे ओढून कानाच्या दिशेने किंचित कलता करावा. गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो. जाड पडदे, सतरंजी, पुस्तकांचे कपाट यांनी जो फरक पडतो, तो कित्येकदा नव्या यंत्रानेही पडत नाही. मायक्रोफोन लावून खोलीची स्वयंचलित ध्वनिजुळणी करण्याची सोय असेल, तर ती कूलर आणि पंखा बंद करून पुन्हा एकदा करावी.

रिसीव्हर खरोखर बिघडला असेल तर गोष्ट निराळी. तो वारंवार आपोआप बंद पडत असल्यास प्रथम स्पीकरच्या साऱ्या तारा काढून तो चालू करावा. तसा तो टिकला, तर दोष बहुधा तारांत वा स्पीकरमध्ये असतो. सतत गुंजारव येणे हे कपॅसिटर थकल्याचे लक्षण असू शकते; ते बदलता येतात. तापमान १० अंशांनी घटले की कपॅसिटरचे आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते, म्हणून विदर्भात रिसीव्हर बंद कपाटात ठेवणे घातकच. एचडीएमआयचे सर्किट जळाले असेल, तर मात्र त्याचा सुटा भाग जुन्या मॉडेलसाठी मिळणे दुरापास्त असते. त्यातही ऑप्टिकल जोडणी शाबूत असल्यास काम भागते. वळवाच्या पावसात विजा चमकू लागल्या की प्लगबरोबरच डीटीएचची केबलही काढून ठेवावी.

अखेर नवा रिसीव्हर घ्यायचेच ठरले, तर दोन गोष्टी तपासाव्यात. 'होम थिएटर इन अ बॉक्स' प्रकारच्या जुन्या संचांतील स्पीकर अनेकदा तीन-चार ओहमचे असतात. सहा-आठ ओहमसाठी बनविलेल्या रिसीव्हरवर ते जास्त भार टाकतात, म्हणजे स्पीकरचाही खर्च आला. दुसरे, अमेरिकेतील नातलगांकरवी मागविलेला रिसीव्हर १२० व्होल्टचा असतो. आपल्या २३० व्होल्टवर त्याला पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो आणि येथे त्याची वॉरंटीही सहसा चालत नाही.

जुने यंत्र भंगारवाल्याला देणे टाळावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तूंच्या पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि ते काम नोंदणीकृत केंद्रांतच व्हावे लागते. ध्वनिवर्धक चालू स्थितीत असेल, तर दोन स्पीकर जोडून तोच रिसीव्हर दुसऱ्या खोलीत गाणी ऐकण्यासाठी वर्षानुवर्षे वापरता येतो. फक्त ऐकणे झाले की तो बंद करावा. ५० वॉट घेत रोज आठ तास नुसता चालू राहिला, तर महिन्याला १२ युनिट महावितरणच्या बिलात वाढतात.