अभ्रकाचं कूळ

रहिमतपुराच्या शिवारात विहीर खणा नाहीतर घराचा पाया खणा. वर माती, मग मुरूम, मग काळा कातळ. अभ्रकाचा पापुद्रा काही लागायचा नाही. तरी गावात ते घरोघर आहे: इस्त्रीत, मिक्सरच्या मोटारीत, गाडीच्या चमकत्या रंगात, पोरींच्या आयशॅडोत. आणि ज्याच्या नावातच ते ‘मायका’ म्हणून ऐकू येतं, त्या कपाटाच्या सनमायकात मात्र औषधालाही नाही. तिथे असतो रेझिनमध्ये भिजवून दाबलेला कागद. कंपनीने दिलेलं नाव सुताराच्या तोंडी बसलं, एवढंच.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. अभ्रकाचं विचारायला हरकत नाही, कारण ते आपल्याकडे परगावाहून आलेलं आहे.

आपला कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वर आलेला लाव्हा. उघड्यावर आला, पसरला, लवकर निवला. अभ्रकाची ताटाएवढी पानं जमायला याच्या नेमकी उलट परिस्थिती लागते. जमिनीच्या पोटात खोलवर ग्रॅनाइटचा रस थिजत येतो, शेवटी पाणी आणि पोटॅशियम यांनी भरलेला थोडा रस उरतो, तो भेगांत शिरून सावकाश थंड होतो. अशा शिरांना पेग्मटाइट म्हणतात, आणि अभ्रकाची पुस्तकं त्यांत सापडतात. (खाणवाले ‘पुस्तक’ म्हणतात ते उगाच नाही, पानं सुटी करता येतात.) आपल्याकडे विहिरीच्या दगडांत मोत्यासारखी झाक मारणारे चौकोनी खडे मिळतात आणि पोरं ते अभ्रक म्हणून दप्तरात ठेवतात. ते बहुधा अपोफिलाइट, म्हणजे कातळाच्या पोकळीत वाढलेला निराळाच स्फटिक. त्याची कपची निघते, पण वाकवली की मोडते. अभ्रकाचा पापुद्रा वाकतो आणि सोडला की सरळ होतो. संगजिरं वाकतं, पण तसंच वाकलेलं राहतं. तिघांची ओळख पटवायला एवढी खूण पुरते.

खरं अभ्रक पाहायचं तर सह्याद्री उतरून कुडाळ तालुक्यातलं कडावल गाठावं. तिथले खडक आपल्या कातळाहून कितीतरी जुने आहेत आणि त्यांतल्या पेग्मटाइटच्या शिरांत अभ्रक आहे. पण देशाचा खरा बाजार भरला तो झारखंडातल्या कोडरमा-गिरिडीहला, आंध्रातल्या नेल्लोरजवळ गुडूरला आणि राजस्थानातल्या भीलवाड्याला.

पापुद्रे सुटतात ते रचनेमुळे. सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचे घट्ट विणलेले थर एकावर एक, आणि दोन थरांना धरून ठेवणारे पोटॅशियमचे अणू. ती पकड थराच्या विणीपेक्षा कितीतरी सैल. सुरीचं टोक घातलं की थर तिथेच उकलतो. पांढऱ्या अभ्रकाला मस्कोव्हाइट म्हणतात, कारण मॉस्कोकडे खिडक्यांना काचेऐवजी हे तक्ते लावत. काळं ते बायोटाइट, त्यात लोह असतं.

आपल्याकडे अभ्रक शिरलं ते पहिल्यांदा वैद्याच्या दारातून. रसशास्त्राच्या ग्रंथांनी त्याची उत्पत्ती थेट इंद्राशी नेऊन भिडवली: वृत्राला मारायला वज्र उचललं, त्याच्या ठिणग्या डोंगरमाथ्यावर पडल्या, त्यांचं अभ्रक झालं. गोष्ट गोष्टीच्या जागी ठेवू. पुढचं वर्गीकरण मात्र भट्टीपाशी बसून केलेलं आहे. विस्तवात टाकल्यावर पानं उलगडतात ते पिनाक, फुत्कारतं ते नाग, बेडकासारखं उडतं ते दर्दुर, आणि काहीच न होता जसंच्या तसं राहतं ते वज्राभ्रक. औषधाला घ्यायचं ते वज्राभ्रकच, तेही काळं.

मग त्याला बारीक करायचं कसं? खलात कितीही कुटा, पानं घसरतात आणि चपटीच राहतात. यावर वैद्यांनी काढलेली युक्ती मला सगळ्या रसशास्त्रात भारी वाटते. अभ्रक तापवून पुन्हा पुन्हा दुधात किंवा त्रिफळ्याच्या काढ्यात विझवायचं, मग चौथाई साळीबरोबर कांबळ्यात बांधायचं, तीन रात्री कांजीत भिजत ठेवायचं आणि चौथ्या दिवशी ती पोटली कांजीतच दोन्ही हातांनी चोळायची. साळीचं खरखरीत टरफल पानं कातरतं, कांबळ्याच्या विणीतून चुरा गळतो आणि भांड्याच्या तळाशी बसतो. याला धान्याभ्रक म्हणतात. यंत्र नाही, चाळण नाही. पुढे रुईच्या रसात किंवा दुसऱ्या वनस्पतीच्या रसात खलून वड्या थापायच्या, परळात ठेवून तोंड मातकापडाने लिंपायचं, गोवऱ्यांच्या खड्ड्यात आच द्यायची. हे एक पुट. अशी शंभर दिली की शतपुटी, हजार दिली की सहस्रपुटी. साताऱ्याची आयुर्वेदीय अर्कशाळा काय किंवा पनवेलला १८७२ साली निघालेलं धूतपापेश्वर काय, अशा कारखान्यांनी भस्मं गावोगावच्या दुकानांपर्यंत पोचवली.

भस्म झालं की नाही याची परीक्षा तर आणखी मजेची. चिमूटभर भस्म बोटांत चोळलं की रेषांत भरलं पाहिजे, पाण्यावर तरंगलं पाहिजे, आणि उन्हात धरून पाहिलं तर एकही कण चमकता कामा नये. या शेवटच्या गुणाला निश्चंद्र म्हणतात. चमक दिसली तर माल कच्चा, पुन्हा भट्टीत. कारण उघड आहे. फार आच लागली की अभ्रकातलं बांधलेलं पाणी निघून जातं, थर कोसळतात, चमकही जाते. आणि लोहाचं ऑक्साइड होऊन रंग विटकरी होतो. भस्माने काय बरं होतं यावर मी बोलणार नाही, ते वैद्याला विचारावं. घरी अभ्रक कुटून पोटात घेण्याचा उद्योग मात्र कुणीही करू नये. त्याची धूळ फुप्फुसालाही वाईट.

दुसरं दार सजावटीचं. १९व्या शतकात मुर्शिदाबाद, पाटणा, त्रिचनापल्ली इथे अभ्रकाच्या तक्त्यांवर चित्रं काढून विकत. मुर्शिदाबादेकडे मोहरमच्या कंदिलांनाही असे रंगवलेले तक्ते लावत, आतल्या ज्योतीने ते पेटत नसत. आपल्याकडचे कडेगावचे मोहरमचे उंच ताबूत प्रसिद्ध आहेत, पण ते बांबू-कागदाचे. अभ्रकाचं ते काम गंगेकाठचं. इथल्या कंदिलाला काच लागली, आणि तीही घरचीच. १९१६ साली सुरू झालेल्या ओगले ग्लास वर्क्सचा प्रभाकर कंदील कराडजवळच्या ओगलेवाडीत बनत होता, रहिमतपूर स्टेशनवरून जाणाऱ्या पुणे-मिरज लोहमार्गावरच. काच स्वस्त झाली आणि दिव्यापुरतं अभ्रकाचं काम संपलं.

पण वीज आली आणि त्याचे दिवस फिरले. वीज अडवणारे पदार्थ पुष्कळ, उष्णता सोसणारेही पुष्कळ. दोन्ही करून कागदासारखे पातळ होणारे फार थोडे. पांढरं अभ्रक पाचशे-सहाशे अंश सेल्सिअस सहज झेलतं. दुसऱ्या महायुद्धात रेडिओच्या कपॅसिटरला आणि विमानांच्या स्पार्क प्लगला त्याची एवढी गरज पडली की भारतातला माल दोस्तराष्ट्रांनी युद्धसाहित्य म्हणूनच उचलला.

बाजारपेठेतल्या कुठल्याही रिवायंडिंगच्या दुकानात त्याचं काम बघायला मिळतं. मिक्सरच्या मोटारीच्या दांड्यावर तांब्याच्या पट्ट्यांचा एक गोल असतो, कम्युटेटर. दर दोन पट्ट्यांमध्ये अभ्रकाचा पातळ थर. हा गोल फिरतो आणि जागच्या जागी असलेले कार्बनचे ब्रश त्यावर घासतात. तांबं मऊ, ते झिजतं. अभ्रक त्यामानाने चिवट, ते वर डोकावू लागतं. मग ब्रश नीट टेकत नाही, आत निळ्या ठिणग्या उडतात आणि जळका वास येतो. ‘काकू, मायका वर आलाय, कापायला लागंल,’ असं कारागीर सांगतो आणि करवतीच्या पात्याच्या तुकड्याने प्रत्येक फटीतलं अभ्रक तांब्याच्या पातळीखाली खरवडतो. खांद्यावर, पँटवर चकाकती धूळ. काकूंना मिक्सर संध्याकाळी हवा असतो. उसाला पाणी देणाऱ्या तीन फेजच्या मोटारीत कम्युटेटरच नसतो, त्यामुळे हे दुखणं तिला नाही.

हे सगळे पापुद्रे कुणीतरी हातांनी सोडवलेले असतात, आणि कूळ सांगताना हे गाळता येत नाही. कोडरम्याकडे घराघरांत बाया सुरीने अभ्रक उकलत आल्या. १९८०च्या वनसंवर्धन कायद्यानंतर जंगलातल्या अनेक खाणी बंद झाल्या, पण मागणी थांबली नाही. मागे टाकलेल्या ढिगांतून आणि हातांनी खणलेल्या भोकांतून भंगार अभ्रक वेचणं सुरू राहिलं. तिकडे त्याला ढिबरा म्हणतात. वेचणाऱ्यांत लहान मुलंही असतात आणि माती ढासळून त्यातली काही मेलीही आहेत, हे २०१६ साली रॉयटर्सच्या बातम्यांनी जगापुढे मांडलं. पुढच्या वर्षी सौंदर्यप्रसाधनं आणि रंग यांच्या कंपन्यांनी मिळून रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह काढलं. खाणीतलं अभ्रक न वापरता कारखान्यात बनवलेलं अभ्रकही आता मिळतं. मुलांना तिथून काढायचं तर त्यांच्या आईबापांच्या मजुरीचं काय, हा प्रश्न त्याने सुटत नाही. माल नाकारणं सोपं, भाव नीट देणं अवघड.

तेव्हा आयशॅडो, लिपस्टिक किंवा चमकी पावडर घेताना डबीमागची बारीक अक्षरं वाचा. ‘सीआय ७७०१९’ हा अभ्रकाचा क्रमांक. शेजारी सिंथेटिक असल्याचा उल्लेख नसेल, तर ते कुठल्या खाणीतलं आणि कुणी वेचलेलं, हे कंपनीला ईमेल करून विचारा. पत्ता त्याच डबीवर असतो.