साधं टाकू की पॉवर?

सोलापुरात हैदराबाद रस्त्यावरच्या सिद्धेश्वर मार्केट यार्डात कांद्याची पोती उतरवून रिकामा झालेला छोटा पिकअप परतीच्या वाटेवर पंपावर थांबतो. पंपावरचा पोऱ्या नळी हातात घेऊन विचारतो, ‘साधं टाकू की पॉवर?’ चालक क्षणभर थबकतो. साधे पेट्रोल आणि जास्त ऑक्टेनचे ‘पॉवर’ यांच्या भावात लिटरमागे काही रुपयांचा फरक आहे. दिवसाला शे-दीडशे किलोमीटरच्या फेऱ्या करणाऱ्याला महिनाअखेरीस तो फरक चांगलाच जाणवतो.

पंचवीस वर्षांपूर्वी माल वाहणाऱ्या चारचाकीला हा प्रश्न सहसा कोणी विचारत नसे. पिकअप म्हणजे डिझेल, हे ठरलेलेच होते. त्याआधीच्या काळात मात्र सोलापुरात माल वाहणारी मोटार पेट्रोलवर धावायची. मालवाहू गाडीच्या टाकीतून गेलेले पेट्रोल आता परत आले आहे आणि त्याच्यासोबत ऑक्टेनचा आकडाही आला आहे. या आकड्याचा प्रवास अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत सुरू होतो आणि माळशिरसच्या उसापर्यंत पोहोचतो.

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण पिस्टन दाबतो, मग प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत पसरत जाते. दाब आणि उष्णता फार झाली, तर ज्योत पोहोचण्याआधीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण आपोआप पेट घेते. मग चढाला भरलेली गाडी ओढताना बॉनेटखालून धातूवर खडे आपटल्यासारखी टकटक ऐकू येते. गॅरेजवाले तिला ‘नॉकिंग’ म्हणतात. ती फार काळ चालू राहिली, तर पिस्टन आणि गॅस्केट दोन्ही जायबंदी होतात. असे आपोआप पेटणे इंधन किती टाळू शकते, त्याचे माप म्हणजे ऑक्टेन. १९२६-२७ च्या सुमारास अमेरिकन रसायनतज्ज्ञ ग्रॅहम एडगर यांनी ही मोजपट्टी बसवली. आयसोऑक्टेन या द्रवाला १०० आणि सहज नॉक होणाऱ्या हेप्टेनला शून्य असे गुण दिले. बाकीची इंधने या दोहोंच्या तुलनेत मोजायची. आकडा मोठा म्हणजे पेट्रोलमध्ये ताकद जास्त, असा त्याचा अर्थ कधीच नव्हता.

एडगर यांच्या मोजपट्टीआधीच नॉकिंगवर एक उपाय सापडला होता. ९ डिसेंबर १९२१ रोजी जनरल मोटर्सच्या डेटन इथल्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे एक संयुग, हाती लागले. पेट्रोलमध्ये त्याचा अगदी थोडा अंश टाकला की टकटक थांबत असे. अल्कोहोल मिसळूनही नॉकिंग थांबते हे तेव्हाच्या संशोधकांना ठाऊक होते, मिजली यांनाही. पण अल्कोहोल भरपूर घालावे लागे, शिसे चिमूटभर पुरे. जगाने शिसे निवडले आणि पुढची सात-आठ दशके ते गाड्यांच्या धुरातून रस्त्यांवर पडत राहिले.

सोलापूरला रेल्वे १८६० साली आली. १८७७ मध्ये उभ्या राहिलेल्या सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिलला, म्हणजे ‘जुन्या गिरणी’ला, लागणारा कापूस आणि तिथून निघणारे सूत रेल्वेने दूरवर जाई. स्टेशनपासून पेठेपर्यंतचे आणि आसपासच्या गावांचे काम मात्र बैलगाडीचे. मोटारलॉरी आली ती या दोन टोकांमधल्या अंतरासाठी. ती पेट्रोलवर चालत असे आणि दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाल्यावर तिचे फार हाल झाले. तेव्हा मागे कोळशाची भट्टी बसवून, तिच्यातून निघणाऱ्या गॅसवर बस आणि लॉऱ्या चालवल्या गेल्या. अशा काळात ऑक्टेनची चर्चा कोण करणार!

या काळातच मोटारीचा कारखाना भारतात हवा म्हणून झटणारा माणूस सोलापूरचाच होता. वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरातल्या व्यापारी जैन कुटुंबात झाला. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही उद्योगांत त्यांनी हात घातला. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार होता, त्यामुळे कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फारगो या नावांचे ट्रक बाहेर पडू लागले. ही दोन्ही नावे पुढे महाराष्ट्राच्या रस्त्यांवर घरोघरी माहीत झाली. वालचंदांचा दुसरा मोठा पसारा साखरेचा. सोलापूर जिल्ह्याच्या सीमेला लागून इंदापूर तालुक्यात वालचंदनगर वसले आणि तिथे साखर कारखान्यांची यंत्रसामग्रीही तयार होऊ लागली. मोटार आणि ऊस ही दोन टोके एकाच सोलापूरकराच्या हाती होती. ती एका टाकीत एकत्र यायला मात्र आणखी अर्धे शतक जावे लागले.

महिंद्रने १९४७ पासून मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली. त्या काळच्या जीपचे ‘गो डेव्हिल’ इंजिन मिश्रण सुमारे साडेसहा पट दाबायचे. आजची पेट्रोल इंजिने ते दहा पटीच्या आसपास दाबतात. दाब कमी असल्यामुळे कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवरही जीप कुरकुर करत नसे. १९५४ आणि १९५५ मध्ये ट्रॉम्बेला दोन तेलशुद्धीकरण कारखाने सुरू झाले आणि मुंबईचे पेट्रोल राज्याच्या आतल्या भागांत अधिक खात्रीने पोहोचू लागले. पुढे भारतीय पेट्रोलचे ८७ आणि ९३ ऑक्टेन असे दोन प्रकार रूढ झाले.

तोवर मालवाहतुकीने पेट्रोलची साथ सोडायला सुरुवात केली होती. १९५४ मध्ये जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज-बेंझचा डिझेल ट्रक निघाला. डॉज आणि फारगोमध्येही पर्किन्सची डिझेल इंजिने बसू लागली. डिझेल स्वस्त होते, लिटरला अंतर जास्त कापायचे आणि भरलेली गाडी कमी वेगात नेटाने ओढायचे. छोट्या वाहनांत पेट्रोल थोडे अधिक टिकले. बजाज टेम्पोची तीनचाकी ‘हॅन्सिएट’ टू-स्ट्रोक होती, तिच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागे. त्या कंपनीच्या नावावरूनच मराठीत कोणत्याही छोट्या मालवाहू गाडीला ‘टेम्पो’ म्हणायची सवय लागली, ती आजही सुटलेली नाही. मग मॅटाडोर आली. १९८० च्या दशकात महिंद्रच्या गाड्यांत प्यूजोचे डिझेल इंजिन आले. १९८८ मध्ये पुण्यात तयार झालेला टाटामोबाइल पिकअप डिझेलवरच होता. २००५ मध्ये ‘छोटा हत्ती’ म्हणून लाडका झालेला टाटा एस आला, तोही दोन सिलिंडरचा डिझेल. चादरी, टॉवेल, मंगळवेढ्याची ज्वारी, सांगोल्याची डाळिंबे असा सोलापूरचा सगळा माल डिझेलवर फिरू लागला. डिझेलला ऑक्टेन लागत नाही. त्याचा आकडा सीटेनचा, आणि तो अगदी उलट्या गुणाचा. डिझेल दाबाखाली चटकन पेटावे हीच त्याच्याकडून अपेक्षा असते. पिकअपचालकाच्या बोलण्यातून ऑक्टेन हा शब्द जवळपास नाहीसा झाला.

पेट्रोलच्या दुनियेत मात्र त्या आकड्यावर घाला पडत होता. रेशनचे रॉकेल स्वस्त आणि पेट्रोल महाग, त्यामुळे भेसळ फोफावली. रॉकेलचे ऑक्टेन फारच कमी असल्याने थोडे जरी मिसळले, तरी चांगले पेट्रोल बिघडते आणि इंजिन टकटक करू लागते. ही भेसळ किती हिंस्र होती हे २५ जानेवारी २०११ रोजी महाराष्ट्राने पाहिले. मालेगावचे अतिरिक्त जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ तेलमाफियांनी जिवंत जाळले. तपासणीसाठी थांबलेल्या एका अधिकाऱ्याने कर्तव्यासाठी प्राण दिले.

त्याच मनमाडचे नाव या घटनेच्या दहा वर्षे आधी एका वेगळ्या, चांगल्या कामासाठी घेतले गेले होते. १ फेब्रुवारी २००० पासून भारतभर शिसेविरहित पेट्रोल सुरू झाले आणि ऑक्टेन राखायला शिशाऐवजी दुसरे काही हवे होते. शुद्धीकरण कारखान्यांतल्या सुधारित प्रक्रियांनी ते काम बरेचसे केले. २००१ मध्ये मनमाड, मिरज आणि उत्तर प्रदेशात बरेली परिसरात पेट्रोलमध्ये इथेनॉल, म्हणजे अल्कोहोल, मिसळण्याचे प्रायोगिक प्रकल्प झाले. मिरज म्हणजे पंढरपूरच्या पलीकडचे गाव, उसाच्या पट्ट्यातलेच. जानेवारी २००३ पासून महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रणाला सुरुवात झाली. नंतरची वर्षे रखडली आणि २०१३-१४ मध्ये देशातले मिश्रण जेमतेम दीड टक्का होते. मग वेग आला. जून २०२२ मध्ये दहा टक्के आणि २०२५ मध्ये वीस टक्के.

निव्वळ इथेनॉलचे ऑक्टेन १०८ च्या वर आहे. मिजलींच्या काळात मागे पडलेले अल्कोहोल शंभर वर्षांनी सोलापूर जिल्ह्याच्या दारात आले, आणि त्याला लागणारी मळी तर इथे होतीच. माळशिरस तालुक्यात १९३० च्या दशकातच सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी माळीनगरला आणि चंद्रशेखर आगाशे यांच्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटने श्रीपूरला साखर कारखाना उभा केला होता. आज सोलापूर हा राज्यात सर्वाधिक साखर कारखाने असलेल्या जिल्ह्यांपैकी एक आहे.

याच सुमारास पिकअपही पेट्रोलकडे वळला. १ एप्रिल २०२० पासून वाहनांच्या धुरासाठीचे बीएस-६ नियम लागू झाले. डिझेलचा धूर स्वच्छ करण्याची यंत्रणा छोट्या गाडीच्या किमतीला झेपेना. टाटा एसची पेट्रोल आवृत्ती आली, मारुतीच्या सुपर कॅरीने डिझेल सोडून पेट्रोल आणि सीएनजी धरले. बोलेरोसारखे मोठे पिकअप डिझेलवरच राहिले, पण टनाच्या आतल्या गाड्यांत स्पार्क प्लग परतला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये इंडियन ऑइलने शंभर ऑक्टेनचे पेट्रोल देशातल्या निवडक शहरांत आणले, त्यांत मुंबई आणि पुणे होते.

पिकअपला किती आकडा हवा, याचे उत्तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये आणि टाकीच्या झाकणाजवळ लिहिलेले असते. बीएस-६ साध्या पेट्रोलचे किमान ऑक्टेन ९१ होते. वीस टक्के इथेनॉलमुळे ते ९५ पर्यंत गेल्याचे पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये सांगितले. आपल्याकडच्या छोट्या पिकअपची इंजिने साध्या पेट्रोलसाठीच बनवलेली आहेत. त्यांच्यात महाग पेट्रोल ओतल्याने गाडी जास्त माल ओढत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या भाच्याने ‘इथे ८७ टाकतो’ असे सांगितले, तर घाबरून जाऊ नये. तिथला आकडा वेगळ्या पद्धतीने काढतात आणि तो आपल्या ९१ च्या जवळपासच येतो. सोलापूरच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, गाडी भरलेली असते आणि चढाला टकटक ऐकू येते, तेव्हा आधी प्लग, रेडिएटर, इंजिनातला कार्बन आणि पेट्रोल भरलेला पंप तपासावा.

खरी चिंता जुन्या गाड्यांची आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे ऊर्जा जवळपास एक तृतीयांश कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यानेच म्हटले होते की जुन्या धाटणीच्या चारचाकीचे मायलेज वीस टक्के मिश्रणावर सहा-सात टक्क्यांनी घटू शकते. जुन्या रबरी नळ्या आणि सीलही त्याला सोसत नाहीत. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या हे मिश्रण गृहीत धरून बनवलेल्या आहेत. जुना पेट्रोल पिकअप ज्याच्या दारात आहे, त्याने नळ्या एकदा बदलून घ्याव्यात. टाकीत काय मिसळले आहे आणि त्याने मायलेज किती घटेल, हे पंपावर ठळक अक्षरांत लिहिलेले असणे हा त्याचा हक्क आहे.

पुणे रस्त्यावर पाकणीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. मुंबईहून पुण्यामार्गे येणारी पाइपलाइन तिथवर पोहोचते. डिस्टिलऱ्यांतून इथेनॉलचे टँकर अशाच डेपोंत रिकामे होतात, पेट्रोल आणि इथेनॉल तिथे मोजून एकत्र केले जातात आणि पंपांकडे निघतात. वालचंदांच्या गावात पहाटे कांदा उतरवून परतणारा पिकअप ‘साधं’ म्हणतो, तेव्हा त्याच्या टाकीत ट्रॉम्बेचे तेल आणि उसाचा पाचवा हिस्सा एकत्र पडत असतो.