डी व्हिलियर्स घराणे

डी व्हिलियर्स हे दक्षिण आफ्रिकेतील ह्यूगनॉट (फ्रेंच प्रोटेस्टंट) वंशाचे घराणे आहे.

स्थलांतर
इ.स. १५९८ च्या नांतच्या आज्ञापत्राने ह्यूगनॉटांना दिलेले धर्मस्वातंत्र्य चौदाव्या लुईने १६८५ मध्ये काढून घेतले. त्यांची प्रार्थनामंदिरे पाडली गेली. देशत्यागास बंदी असतानाही सुमारे दोन लाख लोक परागंदा झाले. त्यांपैकी ला रोशेल परिसरातील पिएर, अब्राहम व जाक हे तीन भाऊ नेदरलँड्समार्गे १६८९ मध्ये केप वसाहतीत पोहोचले. ते द्राक्षमळ्यांचे जाणकार असल्याची शिफारस डच ईस्ट इंडिया कंपनीने केली होती. पुढे ते फ्रान्सहूक ('फ्रेंच कोपरा') खोऱ्यात स्थायिक झाले.

भाषालोप
कंपनीने निर्वासितांना डच शेतकऱ्यांमध्ये विखरून वसवले. त्यामुळे काही पिढ्यांतच फ्रेंच भाषा लोपली. आडनाव मात्र टिकले.

वंशावळ
याच घराण्यातील क्रिस्टॉफेल कोएत्झी डी व्हिलियर्स (१८५०–१८८७) यांनी चर्चमधील बाप्तिस्मा व विवाहाच्या नोंदींवरून केपमधील जुन्या घराण्यांची वंशावळ जुळवली. मूळ पुरुषास 'ए', त्याच्या अपत्यांस 'बी१', 'बी२' अशी त्यांची क्रमांकपद्धती आजही प्रचलित आहे. त्यांचा त्रिखंडात्मक ग्रंथ मात्र मृत्यूनंतर, १८९३–९४ मध्ये प्रकाशित झाला.