खुर्चीत कोण बसणार?



माझ्या माहेरी सोप्यात दोन वेताच्या खुर्च्या होत्या. गोल बैठक, वाकवलेल्या लाकडाची पाठ, तपकिरी पॉलिश. सकाळी आजोबा एकीत बसून पेपर वाचायचे. दुसरी आल्यागेल्यासाठी: तलाठी, मास्तर, जावई. आजी दोन्ही खुर्च्या रोज पुसायची, पण बसायची पाटावर. गुडघे धरले तरी पाटावरच. आजोबा गेल्यावर एका खुर्चीचा वेत फाटला. घर दुरुस्तीला काढलं तेव्हा आम्ही ती जुन्या पत्र्यांबरोबर भंगारात देऊन टाकली. कुणाला काही वाटलंही नाही.

आता जुन्या खुर्च्यांना पुन्हा दिवस आले आहेत. मुंबईचा चोरबाजार, जोगेश्वरी-ओशिवऱ्याचा फर्निचर बाजार, पुण्याचा जुना बाजार, सगळीकडे लोक त्या शोधत फिरतात. तुमच्यापैकी कुणी घ्यायच्या विचारात असेल, किंवा घरातली काढून टाकायच्या विचारात असेल, तर त्याआधी या खुर्च्यांची गोष्ट ऐका.

खुर्ची हा शब्द अरबी ‘कुर्सी’वरून आपल्याकडे आला. आपली बैठक जमिनीलगतची: पाट, चौरंग, जाजम, गादी आणि लोड. खुर्ची घरोघर आली ती इंग्रजी अमलात, कचेरीच्या वाटेने. त्यामुळे ती नुसतं बसायचं साधन राहिली नाही, मान झाली. कुणी बसायचं आणि कुणी उभं राहायचं, हे ती दाखवू लागली. जुने फोटो काढून बघा. कितीतरी फोटोंत यजमान खुर्चीत आणि बाई शेजारी उभी.

आणि काहींना तर जमिनीवरही सगळ्यांबरोबर जागा नव्हती. आपल्याच साताऱ्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर शाळेत जायचे. वर्गात त्यांना वेगळं, कोपऱ्यात, स्वतःच्या गोणपाटावर बसावं लागे. शाळेचा शिपाई त्या गोणपाटाला हात लावत नसे. म्हणून ते संध्याकाळी घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं. ही आठवण त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. बसायची जागा ही केवढी मोठी गोष्ट आहे, ते यावरून कळतं.

आता आजोबांच्या खुर्चीकडे येऊ. तशी खुर्ची तुम्ही मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलात पाहिली असेल, संगमरवरी टेबलाभोवती. तिचं मूळ युरोपात आहे. मायकेल थोनेट नावाचा एक सुतार जर्मनीतून व्हिएन्नाला गेला. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाच्या काठ्या वाफेवर मऊ करायच्या, लोखंडी साच्यात वाकवायच्या आणि तशाच वाळवायच्या, ही रीत त्याने बसवली. वाकताना लाकूड बाहेरच्या अंगाने फाटतं, म्हणून त्या बाजूला धातूची पट्टी लावायची. १८५९ साली त्याची १४ नंबरची खुर्ची आली. पाठ आणि मागचे दोन पाय मिळून एकच अखंड वाकवलेली काठी. सगळी खुर्ची म्हणजे लाकडाचे सहा भाग, दहा स्क्रू आणि दोन नट.

खरी हुशारी पुढेच आहे. खुर्ची सुटी करता येत असल्यामुळे एक मीटर लांब, रुंद आणि उंच खोक्यात ३६ खुर्च्या मावत. जहाजाने कुठेही पाठवा, तिथे स्क्रू पिळून उभी करा. त्यामुळे ती स्वस्त पडली आणि जगभर गेली. कारखाने होते मोराव्हियात, म्हणजे आजच्या चेक देशात, बीचच्या जंगलांजवळ. तिथे लाकूड वाकवायचं जड काम पुरुषांकडे होतं. घासणं, पॉलिश करणं आणि बैठकीचा वेत विणणं हे काम बायकांचं. म्हणजे ज्या खुर्चीत आजी कधी बसली नाही, तशा खुर्च्यांचा वेत दूर देशातल्या बायकांनी विणलेला होता.

१८६९ साली थोनेटचा एकाधिकार संपला आणि इतर कंपन्याही तशाच खुर्च्या करू लागल्या. म्हणून दुकानदार ‘अस्सल थोनेट’ म्हणाला तर लगेच मान डोलवू नका. खुर्ची उलटी करा. बैठकीच्या कड्याच्या आतल्या अंगाला शिक्का किंवा कागदाची चिठ्ठी असते, ती शोधा. नसेल तरी खुर्ची वाईट ठरत नाही, पण नावाचे पैसे देऊ नका.

इराण्याकडे सगळ्या जातीधर्मांची माणसं एकाच खुर्चीत बसली, ही मोठीच गोष्ट झाली. बायकांसाठी मात्र बहुतेक ठिकाणी वेगळी ‘फॅमिली रूम’ असायची. खुर्ची तीच, फक्त आडोशाला.

दुसरी गोष्ट चंदीगडची. १९५०च्या दशकात हे नवं शहर उभं राहत होतं. कचेऱ्या, ग्रंथालयं, विद्यापीठ, सगळ्यांना फर्निचर हवं होतं. ल कॉर्ब्युझिए यांचे चुलतभाऊ पिएर जानरे यांनी सागवान आणि वेत वापरून साध्या, दणकट खुर्च्या आखल्या. इथल्या सुतारांनी त्या हजारोंनी बनवल्या. या कामात युली चौधरी या भारतीय वास्तुविशारद बाईंचाही वाटा होता. पुढे या खुर्च्या मोडल्या, गच्चीवर ढीग लागले, आणि सरकारी कचेऱ्यांनी त्या भंगार म्हणून लिलावात काढल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, दुरुस्त केल्या आणि तिकडच्या लिलावांत एकेक खुर्ची लाखो रुपयांना विकली. आपल्याकडे १९७२चा पुरावस्तू कायदा आहे, पण तो शंभर वर्षं झालेल्या वस्तूंना लागू होतो. या खुर्च्या त्यात बसत नव्हत्या. २०११ साली केंद्रीय गृह मंत्रालयाने त्या विकायला मनाई केली, तोवर बऱ्याच गेल्या होत्या. ही बातमी वाचली तेव्हा मला आमची भंगारात गेलेली खुर्ची आठवली. ती लाखाची नव्हती, पण चूक तीच. काय आहे ते न बघताच आम्ही दिली.

मग जुनी खुर्ची निवडायची कशी? आधी सपाट जमिनीवर ठेवून हलवा. डुगडुगत असेल तर सांधे बघा. सैल स्क्रू पिळता येतो, पण वाकवलेली काठी तडकली असेल तर ती जोडणं कठीण. बारीक भोकं आणि खाली ताजा पिवळट भुगा दिसला तर भुंगा अजून जिवंत आहे. ती खुर्ची घरात आणू नका, इतर लाकडालाही लागेल. जाड ऑइलपेंट दिलेला असेल तर सावध व्हा, त्याखाली लाकूडभरण असू शकतं. नक्षीची शिसवी खुर्ची दिसते राजेशाही, पण नक्षी पाठीला टोचते आणि ती हलवायला दोन माणसं लागतात. लांब हातांची आरामखुर्ची दिवाणखान्याची निम्मी जागा खाते.

वेत नुसता सैल असेल तर घाबरू नका. ओल्या फडक्याने खालच्या बाजूने भिजवा, सावलीत रात्रभर वाळू द्या. पुष्कळदा तो आपोआप ताणला जातो. फाटला असेल तर विणणारा शोधा. अंध मुलांच्या शाळांतून ही विणकाम कला शिकवत आले आहेत, तिथे आधी चौकशी करा. प्लॅस्टिकची जाळी ठोकून घेऊ नका.

आणि शेवटी, घेण्याआधी स्वतः बसा. दुकानदाराला दहा मिनिटं थांबवा. तुमचे तळपाय जमिनीला पुरते टेकतात का, पाठ टेकते का, ते बघा. पुष्कळ जुन्या खुर्च्या उंच पुरुषाच्या मापाच्या असतात. ज्या बाईचे पाय लोंबकळतात तिच्यासाठी ती शोभेचीच राहते.

आमची उरलेली खुर्ची मी माळ्यावरून काढली, वेत विणून घेतला. उलटी केली तर चिठ्ठी कधीच झडून गेलेली. ती आता माझ्या स्वयंपाकघरात आहे, खिडकीशी. भाजी निवडायला मी तिच्यातच बसते.