मार्टिन ल्यूथर आणि ‘पिता’ हा शब्द

ख्रिस्ती धर्मांत परमेश्वराचीं जीं नांवें रूढ आहेत, त्यांत ‘पिता’ हें नांव सर्वांत घरगुती होय. येशू ख्रिस्तानें आपल्या शिष्यांस जी प्रार्थना शिकविली तिचा आरंभच या संबोधनानें होतो; आणि लूकच्या शुभवर्तमानांतील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्तांत तर परागंदा झालेला मुलगा दूरवर दिसतांच बाप धांवत सुटतो. पौर्वात्य देशांतील प्रतिष्ठित घरधन्यानें भर रस्त्यानें धांवणें म्हणजे काय, हें आमच्या वाचकांस निराळें सांगावयास नको.

तथापि मराठी मनास हें नांव प्रथम ऐकतांना किंचित् दूरचें वाटतें. आमच्या संतांनीं पंढरीच्या देवास बाप म्हटलें नाहीं असें नाहीं. ‘मायबाप’ हा जोडशब्द तर त्यांच्या जिभेवर सदैव असे. परंतु जेथें हृदय पुरतें उकललें तेथें विठोबाची विठाई झाली. १८९५ सालीं ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं हा वारसा नव्या धर्मांत जातांना उंबऱ्याबाहेर ठेविला नाहीं; ते ख्रिस्तालाच आई म्हणूं लागले. याचें कारण शोधण्यास लांब जावयास नको. आमच्या घरांत दया पिढ्यान्‌पिढ्या माजघरांत राहिली आणि शिस्त ओसरीवर. वडिलांच्या खडावांचा आवाज आला कीं पोरें पांगावयाचीं, अशा घरांत वाढलेल्या मनुष्यास ‘देव तुझा पिता आहे’ असें सांगितलें, तर त्यास धीर येईल कीं धडकी भरेल?

हा प्रश्न केवळ आमचाच नव्हे. युरोपांतील एका मनुष्याच्या आयुष्यांत तो इतक्या तीव्रतेनें उभा राहिला कीं त्याचे पडसाद त्या खंडाच्या इतिहासांत उमटले. तो मनुष्य मार्टिन ल्यूथर. त्याच्याविषयीं लिहितांना पोपशीं झालेल्या त्याच्या भांडणाचीच हकीकत सांगण्याची चाल आहे. परंतु त्या भांडणाच्या मुळाशीं देवाला ‘पिता’ म्हणतांना नेमकें काय म्हणावयाचें हीच अडचण होती, असें आम्हांस वाटतें.

ल्यूथरपर्यंत हा शब्द कोणत्या वाटेनें आला तें थोडक्यांत पाहूं. यहुदी धर्मग्रंथांत देवास पिता म्हटलेलें आढळतें. होशेय संदेष्ट्याच्या ग्रंथांत तर देव लेकराला चालावयास शिकविणाऱ्याच्या रूपानें दिसतो. ख्रिस्तानें वापरलेला अरामी शब्द ‘अब्बा’ हा. नव्या करारांत तो तीनच ठिकाणीं आला आहे. ग्रंथ ग्रीक भाषेंत असूनहि तेवढा एक शब्द भाषांतर न करतां तसाच ठेविला, यावरून पहिल्या ख्रिस्ती लोकांस तो किती मोलाचा वाटत होता हें दिसतें. विसाव्या शतकांत योआखिम यिरेमियास या जर्मन पंडितानें या शब्दावर फार भर दिला, आणि त्यावरून ‘अब्बा’ म्हणजे तान्ह्या मुलाचा बोबडा बोल अशी समजूत उपदेशकांत पसरली. १९८८ सालीं जेम्स बार यानें दाखवून दिलें कीं मोठाले मुलगेहि बापास याच शब्दानें हांक मारीत. आमच्या मतें त्यानें शब्दाची गोडी कमी होत नाहीं, उलट वाढते. बाळानें बिलगावें यांत नवल नाहीं. मोठ्या झालेल्या मुलानें संकोच न धरतां बिलगावें यांत आहे.

पण हा शब्द लॅटिन होऊन रोमच्या राज्यांत शिरला तेव्हां त्याच्या अंगावर निराळींच वस्त्रें चढलीं. रोमन कायद्यांत बाप हा कुटुंबाचा सत्ताधीश असे. मुलाच्या जिवावर त्याचा अधिकार, आणि बाप जिवंत आहे तोंवर प्रौढ मुलाचीहि मिळकत कायद्यानें बापाचीच. पुढें मध्ययुगांत देवळांच्या भिंतींवर इंद्रधनुष्यावर बसून न्यायनिवाडा करणारा ख्रिस्त रंगविला जाऊं लागला. प्रार्थनेंत शब्द ‘पिता’ असा राहिला. डोळ्यांपुढें मूर्ति मात्र न्यायाधीशाची.

ल्यूथरचा जन्म १० नोव्हेंबर १४८३ रोजीं आइस्लेबेन येथें झाला. बाप हान्स हा शेतकरी कुळांतला; परंतु तो मान्सफेल्डच्या तांब्याच्या खाणींकडे वळला आणि कर्ज काढून, भट्ट्या खंडानें घेऊन कष्टानें वर आला. मुलानें वकील व्हावें ही त्याची महत्त्वाकांक्षा. बापानें एकदां असें मारलें कीं आपण घरांतून पळालों आणि पुढें कित्येक दिवस त्याच्याविषयीं मनांत अढी राहिली; आईनें एका क्षुल्लक फळासाठीं, एका अक्रोडासाठीं, रक्त येईपर्यंत मारलें; शाळेंत एका सकाळीं पंधरा वेळां छडी बसली, अशा आठवणी ल्यूथरनें उतारवयांत जेवणाच्या मेजावर सांगितल्या आणि त्या पाहुण्यांनीं टिपून ठेविल्या. एरिक एरिक्सन या मनोवैज्ञानिकानें १९५८ सालीं या आठवणींवर एक संबंध ग्रंथ उभारला: हान्सचेंच क्रुद्ध मुख मुलानें आकाशांत पाहिलें, हें त्याचें तात्पर्य. कल्पना चित्तवेधक खरी, पण पाया अरुंद आहे, अशी इतिहासकारांनीं तक्रार केली ती रास्त आहे. त्या काळीं मार खाल्ला नाहीं असा मुलगा जर्मनींत विरळाच असेल, आणि ते सगळे कांहीं ल्यूथर झाले नाहींत. शिवाय आईबापांचा हेतु चांगला होता, असें ल्यूथरनेंच पुढें जोडलें आहे.

ते कसेंहि असो. बाप आणि देव यांची गांठ त्याच्या आयुष्यांत पडली हें मात्र खरें. १५०५ सालीं तो एर्फुर्टच्या विद्यापीठाचा मास्टर झाला. चरित्रकार सांगतात कीं त्या दिवसापासून हान्स आपल्या मुलास ‘अरेतुरे’ सोडून बहुमानानें बोलूं लागला. त्याच वर्षीं २ जुलै रोजीं श्टोटर्नहाइम गांवाजवळ वादळांत वीज कोसळली आणि भेदरलेल्या तरुणानें संत आन्ना हिला नवस केला कीं वांचलों तर संन्यासी होईन. (आन्ना ही खाणकामगारांची कैवारीण, भीतीच्या क्षणींहि घरचेंच दैवत तोंडांत आलें!) पंधरवड्यांत तो मठांत गेला. हान्स संतापला, आणि बहुमानाचें बोलणें संपून पुन्हा ‘अरेतुरे’ सुरू झालें. आमच्या वाचकांस या एका सर्वनामाचें वजन पुरतें कळेल.

१५०७ सालच्या मे महिन्यांत ल्यूथरनें धर्मगुरु म्हणून पहिला मिस्सा अर्पण केला. हान्स वीस स्वारांनिशीं आला आणि मठाच्या मुदपाकखान्यास त्यानें वीस गुल्डन दिले. मिस्साच्या मुख्य प्रार्थनेचा आरंभ परमदयाळु पित्याला उद्देशून आहे. ती प्रार्थना म्हणतां म्हणतां ल्यूथरचे हातपाय गळाले. वेदीपासून पळून जावें असें त्यास झालें. एवढ्या महान देवाशीं बोलणारा मी कोण, ही ती भीति. शब्द दयाळु पित्याचे आणि अंगाला कांपरें! मागाहून पंक्तीस बसल्यावर त्यानें बापास विचारलें कीं आपण अजून नाराज कां, मला तर आकाशांतूनच आज्ञा झाली. हान्सनें सर्व पंडितांसमक्ष उत्तर दिलें कीं ती सैतानाची भूल नसली म्हणजे मिळवली. आणि आईबापांचा मान राखावा ही देवाची आज्ञा तुझ्या कानांवर आली नाहीं काय? हे बोल काळजांत रुतून बसले, अशी कबुली ल्यूथरनें चौदा वर्षांनीं दिली.

पुढचीं वर्षें उपवास, जागरणें आणि पापांची न संपणारी कबुली यांत गेलीं. त्याचा वडीलधारा मार्गदर्शक श्टाउपिट्झ त्यास म्हणे कीं देव तुझ्यावर रागावलेला नाहीं, तूंच देवावर रागावला आहेस. हें निदान अचूक होतें. १५४५ सालीं आपल्या आयुष्याकडे मागें वळून पाहतांना ल्यूथरनें लिहिलें कीं पाप्यांस शिक्षा करणाऱ्या त्या न्यायी देवाचा मी द्वेषच करीत होतों. ही गांठ सुटली ती पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्राचें मनन करतांना. देवाचें न्यायीपण म्हणजे ज्या मापानें तो आपल्याला मोजतो तें नव्हे, तर जें तो आपल्याला देऊन टाकतो तें, असा त्या ओळींचा अर्थ त्यास लागला.

येथें पुन्हा त्या उधळ्या पुत्राची आठवण होते. परत येतांना तो मनांत भाषण जुळवीत येतो: मला पुत्र म्हणूं नका, चाकर म्हणून ठेवा. चाकराचें सोपें असतें. काम मोजून वेतन मागतां येतें. बाप तें भाषण पुरें होऊंच देत नाहीं. चाकरीचा शब्द उच्चारण्यापूर्वींच तो झगा आणि आंगठी आणावयास सांगतो. मठांतल्या ल्यूथरनें तेंच भाषण पाठ केलें होतें. तें अर्ध्यावर तुटलें, आणि युरोपचें धर्मकारण हादरलें.

सिद्धान्त हाती आला म्हणजे भय गेलेंच असें नाहीं. १५२१ सालीं ल्यूथरनें मठवासाच्या व्रतांविरुद्ध एक ग्रंथ लिहून तो बापास अर्पण केला. तुम्ही मला मठांतून ओढून काढूं पाहत होतां. तें काम आतां देवानेंच केलें, अशा आशयाचें तें पत्र आहे. त्यांत पश्चात्ताप आहे, तशीच शेवटचा शब्द आपलाच ठेवण्याची मुलाची हौसहि आहे. १५२५ सालीं त्यानें काथारीना फॉन बोरा या पूर्वाश्रमीच्या जोगिणीशीं लग्न केलें, त्यालाहि एक कारण बापास नातवंड हवें हें होतें. बापानें मुलाचीं दुपटीं धुतलीं तर जग हंसेल, पण देव आपल्या दूतांसह आनंदानें हंसेल, हें तो लग्नाच्या तीन वर्षें आधींच लिहून बसला होता. आतां पाळणा खरोखरच हलूं लागला.

१५३० सालची हकीकत आम्हांस या साऱ्या इतिहासाचा गाभा वाटते. आउग्सबुर्ग येथें बादशहापुढें धर्मपरिषद भरली होती. ल्यूथर बहिष्कृत, म्हणून त्यास दूर कोबुर्गच्या गढींत ठेविलें होतें. फेब्रुवारींत बापाच्या आजारपणाची बातमी आली तेव्हां त्यानें मायेचें पत्र धाडून आईबापांस विटेनबर्गला आणतां येईल काय अशी चौकशी केली होती; परंतु वाटेवर जिवाला धोका म्हणून तो स्वतः जाऊं शकला नाहीं. जूनच्या आरंभीं कोबुर्गला हान्सच्या मृत्यूचें वृत्त पोंचलें. ल्यूथर स्तोत्रसंहिता उचलून खोलींत गेला आणि इतका रडला कीं दुसऱ्या दिवशीं त्याचें डोकें उठलें. सोबत असलेल्या फाइट डीट्रिख यानें हें लिहून ठेविलें आहे. मेलांक्थॉन या मित्रास ल्यूथरनें कळविलें तें असें: दयाघन पित्यानें मला जन्म दिला तो याच बापाच्या द्वारें, आणि याच्याच घामानें मला पोसून मी जो कांहीं आहें तो घडविलें.

छडीचा बाप आणि दयेचा बाप येथें प्रथमच एका वाक्यांत शेजारी बसले. हान्स बदलला होता असें नाहीं. मुलाची दृष्टि बदलली होती. लोक सामान्यतः समजतात कीं मनुष्य आपल्या बापाचें चित्र मोठें करून देव रंगवितो. ल्यूथरच्या बाबतींत क्रम उलटा दिसतो. देवाची दया त्यास आधीं पटली, आणि त्या उजेडांत बापाच्या हातांवरचे भट्टीचे घट्टे त्यास मागाहून दिसले.

याच मुक्कामीं, भोजनाच्या मेजासमोर त्यानें काथारीनानें पाठविलेलें वर्षाच्या माग्दालेनाचें चित्र लाविलें होतें. आणि बापाची बातमी येऊन दोन आठवडे होतात न होतात तोंच चार वर्षांच्या धाकट्या हान्सला त्यानें पत्र लिहिलें: एक सुंदर बाग आहे, तेथें सोनेरी अंगरख्यांचीं मुलें सफरचंदें वेंचतात, सोन्याचा लगाम घातलेल्या घोड्यांवर बसतात, तूं प्रार्थना केलीस, अभ्यास केलास तर तूंहि जाशील. आजोबाचें नांव नातवास. आणि आजोबानें कधीं लिहिलें नसतें असें पत्र.

ल्यूथरनें मुलांसाठीं आणि खेड्यांतल्या लोकांसाठीं लिहिलेली प्रश्नोत्तरी १५२९ सालीं निघाली. त्यांत ख्रिस्ताच्या प्रार्थनेचा अर्थ सांगितला होता, परंतु आरंभींच्या ‘पिता’ या संबोधनावर टीप नव्हती. ती १५३१ च्या आवृत्तींत आली. लाडकीं लेकरें लाडक्या बापापाशीं मागतात तसें आपण धिटाईनें मागावें म्हणून देव आपल्यास या नांवानें जवळ बोलावतो, असा तिचा आशय आहे. बापाच्या मृत्यूचा आणि या टीपेचा संबंध आहे असें ल्यूथरनें कोठें म्हटलेलें नाहीं. आम्ही केवळ सालें शेजारीं ठेवतों. त्याच्या जर्मन बायबलांतहि पौलाच्या पत्रांतील ‘अब्बा, पिता’ या शब्दांचें ‘अब्बा, प्रिय पित्या’ असें झालें आहे. मूळ ग्रीकांत ‘प्रिय’ नाहीं. भाषांतरकार म्हणून ही आगळीक आहे. पण ती आम्ही क्षम्य मानतों.

यावरून ल्यूथर मृदु स्वभावाचा झाला असें मात्र कोणीं समजूं नये. छडीशेजारीं सफरचंद असावें असें तो सांगे. छडी टाकून द्या असें नाहीं. मुलानें अपराध केला असतां तीन दिवस त्यास दृष्टीसमोर येऊं दिलें नाहीं अशीहि गोष्ट आहे. १५२५ च्या बंडांत शेतकऱ्यांची कत्तल करा म्हणून राजांस त्यानें चिथविलें, आणि १५४३ सालीं यहुद्यांविरुद्ध इतकें विषारी पुस्तक लिहिलें कीं विसाव्या शतकांत नात्झींनीं तें आनंदानें नाचविलें. स्वतःस दयाळु पित्याचें लेकरूं म्हणविणाऱ्यानें त्याच पित्याच्या थोरल्या लेकरांस घराबाहेर काढावें, हा डाग कोणत्याहि युक्तिवादानें धुतला जाणार नाहीं.

सप्टेंबर १५४२ मध्यें माग्दालेना आजारी पडली. ती तेरा वर्षांची होती. बिछान्याशीं बसून ल्यूथरनें तिला विचारलें कीं येथें या बापापाशीं राहावयास तुला आवडेल, आणि तेथल्या बापाकडेहि जावयास आवडेल ना? देवाची इच्छा असेल तसें, असें तिनें सांगितलें. २० तारखेस तिनें त्याच्या हातांतच प्राण सोडला. तीन दिवसांनीं युस्टुस योनास या मित्रास लिहितांना त्यानें कांहीं लपविलें नाहीं. ती सुटली म्हणून आम्हीं उभयतांनीं आभारच मानावयास हवेत, पण तिचें बोलणें, तिचें चालणें डोळ्यांसमोरून हलत नाहीं; ख्रिस्ताच्या मरणानेंसुद्धां हें दुःख जावें तसें जात नाहीं, असें त्या पत्रांत आहे.