ऊन राखणारी टाकी

उन्हात पाणी तापतं हे कळायला कुणा शास्त्रज्ञाची वाट पाहावी लागली नाही. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले शेतकरी पाण्याच्या टाकीला काळा रंग देऊन ती उघड्यावर ठेवत आणि दुपार कलली की त्या पाण्याने अंघोळ करत. सूर्य मावळला की मात्र टाकी भराभर निवायची. घरगुती सोलर हीटरची सगळी कुळकथा मला या एकाच अडचणीशी झालेली झुंज वाटते: दिवसभर कमावलेलं ऊन रात्रीसाठी राखायचं कसं?

अर्धं उत्तर जिनिव्हात आधीच सापडलं होतं. ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या निसर्गशास्त्रज्ञाने १७६७ च्या सुमारास काचेची झाकणं लावलेली, आतून काळी केलेली पेटी उन्हात ठेवली. आतलं तापमान पाणी उकळण्याच्याही वर गेलं. काचेतून प्रकाश आत शिरतो, उष्णता मात्र सहज बाहेर पडत नाही. बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प यांनी शेतकऱ्यांची काळी टाकी अशाच पेटीत बसवली आणि १८९१ मध्ये पेटंट घेतलं. त्यांचा ‘क्लायमॅक्स’ कॅलिफोर्नियात चांगला खपला, कारण तिथे कोळसा महाग आणि ऊन भरपूर. पण पाणी तापायचं आणि साठायचं एकाच जागी, उघड्या काचेखाली. सकाळच्या अंघोळीला ते गारच.

मग आले विल्यम बेली. त्यांनी १९०९ पासून विकायला आणलेल्या यंत्राची कल्पना मला या कथेतली सर्वांत सुंदर वाटते. तापण्याची आणि साठण्याची जागा त्यांनी वेगळी केली. काचेखाली फक्त काळ्या पत्र्याला जोडलेल्या बारीक नळ्या, आणि त्यांच्यापेक्षा उंचावर, उष्णता धरून ठेवणारं आवरण घातलेली टाकी. तापलेलं पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं, त्याच्या जागी गार पाणी खाली उतरतं. पंप नाही, वीज नाही. यंत्राचं नाव ‘डे अँड नाइट’, आणि ते खरंही होतं. १९१३ च्या कडाक्याच्या थंडीत नळ्या फुटल्या, तेव्हा बेली यांनी त्यांत न गोठणारा द्रव खेळवला आणि पाणी त्याच्या उष्णतेवर तापवलं. पुढे लॉस एंजेलिसच्या परिसरात नैसर्गिक वायू मिळाला आणि याच कंपनीने गॅसचे हीटर बनवायला घेतले. मायामीत सोलर आणखी टिकला. दुसऱ्या महायुद्धात तांबं मिळेनासं झालं आणि नंतर वीज स्वस्त झाली, तेव्हा तिथेही मागे पडला.

त्याला नवी घरं मिळाली ती इस्रायलमध्ये. तिथे हॅरी झ्वी ताबोर यांनी पन्नासच्या दशकात ऊन शोषणारा, पण उष्णता फारशी बाहेर न टाकणारा काळा लेप तयार केला. आपल्याकडच्या गच्च्यांवर दिसणाऱ्या दुहेरी काचेच्या नळ्यांतही अशा लेपाचाच वारसा आहे; शिवाय दोन काचांमध्ये थर्मासप्रमाणे निर्वात पोकळी. प्रत्येक सुधारणा पुन्हा राखण्याचीच.

आता गच्चीवर वीज बनवणारी पॅनेल्स आली आहेत आणि गिझर त्यांवर चालवावा का, हा प्रश्न घरोघरी निघतो. हिशेब असा: १०० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला साधारण ४ युनिट लागतात. आपल्याकडे १ किलोवॉटची पॅनेल्स दिवसाला सरासरी तेवढीच वीज देतात, आणि जागा घेतात जवळपास ५ चौरस मीटर. काळ्या पत्र्याच्या सोलरला त्याच कामासाठी २ चौरस मीटर पुरतात. म्हणून गच्ची लहान असेल, तर जुना सोलरच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. बॅटरीवर चालणाऱ्या घरात गोष्ट थोडी बदलते. दुपारी बॅटरी भरली की पुढचं ऊन वाया जातं. ती उरलेली वीज इन्व्हर्टरला पेलेल अशा कमी वॉटच्या कॉइलने, चांगलं आवरण असलेल्या मोठ्या टाकीत घालावी. रात्री बॅटरीवर गिझर लावला, तर दिवे-पंख्यांसाठी राखलेली वीज तो पाहता पाहता संपवतो. दुपारी तापवून ठेवलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही अंघोळीपुरतं गरम राहतं.